पेल्यातले वादळ

काल, शनिवारी, पेला गावच्या ट्युलिप महोत्सवाचा शेवटचा दिवस होता. आज सकाळी चहा घेताना आमच्या डी मॉईन (अमेरिकेतील आयोवा राज्याची राजधानी) परिसरातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका सद्गृहस्थांचा अहवाल वाचला: 'पेला दीड तासात उरकले. निम्मे ट्युलिप गळालेले. पवनचक्की नकली, घरे नकली, एका बिस्किटासाठी पाऊण तास रांग. पैसे वसूल नाहीत. पुढच्या वर्षी कोणी फिरकू नये.' त्याखाली अंगठ्यांची माळ लागली. मी दोन ओळींचे उत्तर लिहिले, तेव्हा दुसऱ्या एकाने लिहिले, 'ताई, कशाला हे पेल्यातले वादळ?' विनोद चांगला होता, मी हसलेही. पण दुपारची भांडी घासताना लक्षात आले की हसू केव्हाच ओसरले आहे आणि मी तवा जरा जास्तच जोर लावून घासते आहे.

'उरकले' या शब्दाने मला डिवचले. माणसे नावडती कामे उरकतात. एखाद्या गावाचा वर्षाचा सण उरकायचा असेल तर सुटीच्या दिवशी सत्तर किलोमीटर गाडी हाकून जायचेच कशाला?

जी मंडळी आयोवात राहत नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. पेला हे डी मॉईनच्या आग्नेयेला असलेले दहा हजार वस्तीचे गाव आहे. हेंड्रिक शोल्टे नावाच्या डच धर्मोपदेशकाचे नेदरलँड्समधील अधिकृत चर्चशी बिनसले, आणि पुढे 1847 मध्ये तो सुमारे आठशे अनुयायांना घेऊन या गवताळ प्रदेशात आला. जेरुसलेममधील संकटकाळात ख्रिस्ती लोकांनी ज्या प्राचीन शहरात आसरा घेतला होता, त्या शहराचे नाव त्याने या वस्तीला दिले. म्हणजे गावाचे नाव हाच मुळी 'आसरा' आहे, आणि घरदार सोडून आयोवात येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांनी तरी ते नाव उच्चारताना क्षणभर थांबावे, असे मला वाटते. आपण मात्र 'पेला' म्हटले की पाणी पिण्याच्या भांड्यावर विनोद करतो. (पहिल्या वर्षी मीही केला होता. माझ्या आईने त्यावर 'फुलपात्र म्हण की, फुलेही आहेत' असे म्हणून मला गप्प केले होते.)

आईचे नाव निघाले आहे, तर ती गोष्ट सांगूनच टाकते, कारण सकाळपासून मनात तीच घोळते आहे.

काही वर्षांपूर्वी आई वाईहून आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. मे महिन्यातला पहिला शनिवार-रविवार जवळ आला होता, म्हणून तिला पेल्याला नेले. मिरवणुकीच्या रस्त्याच्या कडेला आम्ही घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. मिरवणुकीआधी रस्ता धुण्याचा कार्यक्रम असतो. डच पोशाखातील बायका, पुरुष आणि पोरेटोरे पायांत लाकडी जोडे घालून, बादल्या आणि लांब दांड्यांचे झाडू घेऊन उतरतात आणि सगळा रस्ता घासून काढतात. काही जणांच्या खांद्यावर आडवे लाकूड आणि त्याच्या दोन टोकांना दोन बादल्या होत्या. आई खुर्चीतून अर्धवट उठली आणि म्हणाली, 'अगं, ही तर कावड!' मग पाणी रस्त्यावर पडले, झाडू फिरू लागले, आणि ती पुन्हा म्हणाली, 'आणि हा सडा.' त्यानंतर ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. माझ्या आईच्या बाबतीत ही दुर्मीळ घटना आहे.

आता 'नकली' या शब्दाकडे येते. नकली म्हणजे काय? गावातील व्हर्मीर पवनचक्की 124 फूट उंच आहे. ती नेदरलँड्समधील कारागिरांनी तिकडे घडवली, सुटी करून जहाजाने इकडे आणली आणि इथे पुन्हा जोडली. 2002 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तिची पाती वाऱ्यावर फिरतात, आत दळणाचे जाते आहे आणि त्या जात्यावर गव्हाचे खरे पीठ निघते. चक्कीसमोर उभे राहून स्वतःचा फोटो काढायचा, आत पाऊल टाकायचे नाही, आणि घरी येऊन तिला नकली म्हणायचे, ही कुठली रीत? दाराशी गेलेल्या माणसाने देवळातली मूर्ती पाहिली नाही तर तो दोष देवळाचा नव्हे.

आणि नकलीचाच न्याय लावायचा, तर याच गटातील निम्मी मंडळी दर ऑक्टोबरात विंटरसेट गावच्या छपरांच्या पुलांच्या उत्सवाला जाऊन 'किती जुने, किती अस्सल' म्हणत असतात. त्या परिसरातील एकोणीस पुलांपैकी सहाच उरले. त्यांतला सीडर पूल 2002 मध्ये कोणीतरी जाळला, लोकांनी तो पुन्हा बांधला, 2017 मध्ये तो पुन्हा जाळला गेला आणि 2019 मध्ये लोकांनी तो तिसऱ्यांदा उभा केला. आज ज्याच्याखाली आपण फोटो काढतो त्याचे लाकूड माझ्या गाडीपेक्षा नवे आहे. तो पूल मला तरीही अस्सलच वाटतो, कारण दोनदा राख झालेली वस्तू पुन्हा बांधण्याइतकी ती कोणाला तरी हवी होती. मग पेल्याच्या दुकानांचे डच दर्शनी भाग तेवढे नकली कसे?

ट्युलिप गळाले होते, हे मान्य. ट्युलिपचे कांदे शरद ऋतूत मातीत पुरावे लागतात, आयोवाची थंडी त्यांना अंगावर काढावी लागते, आणि वसंत लवकर आला तर महोत्सवाच्या तारखेची वाट न पाहता ते फुलून मोकळे होतात. फुलांना पंचांग दाखवता येत नाही. पण याच महोत्सवाची सुरुवात कशी झाली, हे त्या गृहस्थांना ठाऊक असते तर कदाचित त्यांनी ते वाक्य लिहिले नसते. 1935 मध्ये शाळेतील मुलांच्या एका संगीतिकेवरून गावकऱ्यांना ट्युलिपचा सण करण्याची कल्पना सुचली, आणि तेव्हा गावात ट्युलिपच नव्हते! शरदात कांदे लावलेलेच नाहीत तर वसंतात फुलणार काय? तेव्हा गावातील एका सुतारकाम जाणणाऱ्या माणसाने चार-चार फूट उंचीचे सव्वाशे लाकडी ट्युलिप बनवले, ते उभे करून सण साजरा झाला, आणि खरे कांदे त्यानंतर लावले गेले. मंदीचे दिवस होते ते. हातात काही नसताना लाकडाची फुले करून सण उभा करणाऱ्या गावाला आपण 'निम्मे गळालेले होते' म्हणून गुण कापतो.

पुन्हा त्या रस्त्यावर येते. रस्ता धुणाऱ्यांत एक सत्तरीच्या पुढची बाई होती. लेसची टोपी, लांब काळा घागरा, त्यावर पट्ट्यापट्ट्यांचा अ‍ॅप्रन. नेमकी आमच्यासमोर ती दम घ्यायला थांबली. आई उठली, आपली पाण्याची बाटली तिच्यासमोर धरली आणि दुसरा हात झाडूकडे केला. भाषेचा एक शब्दही न बोलता त्या दोघींचा व्यवहार ठरला. बाईने झाडू दिला आणि माझी आई, साडीवर माझे जुने बूट घातलेली, रस्त्यात उतरली. मला लाजेने मेल्यासारखे झाले. कोणीतरी येऊन आम्हाला हटकेल, असे वाटत होते. आई कमरेत वाकून, खराट्याने अंगण झाडतात तसा तो लांब दांड्याचा झाडू अंगाशी ओढत झाडू लागली. त्या बाईने जवळ येऊन तिच्या हातांवर हात ठेवले आणि ओढायचे नाही, पुढे ढकलायचे असते, हे करून दाखवले. दहा-बारा पावले आई त्या पद्धतीने घासत गेली, मग झाडू परत दिला आणि खुर्चीत येऊन बसली. 'ढकलल्याने कंबर दुखत नाही गं,' एवढाच तिचा अभिप्राय होता.

ती बाई नंतर माझ्याशी दोन मिनिटे बोलली. चार वर्षांची असल्यापासून ती रस्ता धुते आहे. टोपी तिच्या आजीने शिवलेली. लाकडी जोडे बोचू नयेत म्हणून आत मोज्यांचे तीन जोड. हे सगळे ती ज्या सुरात सांगत होती, तो सूर माझ्या ओळखीचा होता. वाईला कृष्णाबाईच्या उत्सवाआधी घाट धुण्याच्या गोष्टी आई सांगते, तेव्हा नेमका तोच सूर असतो: थोडी कुरकुर, थोडी बढाई, आणि दुसऱ्या आळीपेक्षा आपलाच घाट कसा स्वच्छ होता याचा न विसरता केलेला उल्लेख.

आता दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर खाली प्रतिसादांत कोणीतरी लिहीलच. रांगा लांब असतात. त्या बदामाच्या सारणाच्या 'एस' आकाराच्या पेस्ट्रीसाठी (ते बिस्किट नव्हे, महाराज, चिरोट्याच्या पोटात बदामाचे पुरण भरले तर जे होईल ते आहे ते!) मीही तासभर उभी राहिले आहे. 'डच नसाल तर तुमच्यात काही विशेष नाही' अशा अर्थाची एक यमकबद्ध इंग्रजी म्हण तिकडे थट्टेने मिरवतात, ती मला कधीच आवडली नाही. आणि हा आसरा ज्या जमिनीवर मिळाला, ती सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवासी लोकांनी 1842 च्या तहाने गमावलेली जमीन होती. शोल्टेची माणसे आली ती त्यानंतर पाचच वर्षांनी. मिरवणुकीच्या गोडव्यात ही गोष्ट बुडून जाते, हे मला खुपते. झाले? या तक्रारी मला समजतात. त्या गावाकडे पाहून केलेल्या तक्रारी आहेत. 'पैसे वसूल नाहीत' ही मात्र गावाकडे न पाहता केलेली तक्रार आहे.

कारण पैसे कसले? रस्त्याच्या कडेला स्वतःची खुर्ची टाकून मिरवणूक पाहायला कोणी तिकीट घेत नाही. ती मिरवणूक काढणारी, पोशाख शिवणारी, नाच बसवणारी, वाटाण्याएवढ्या पोरांना लाकडी जोड्यांत चालायला शिकवणारी माणसे सोमवारी आपापल्या कामावर जातात. कोणी खिडक्यांच्या कारखान्यात, कोणी शेतीच्या यंत्रांच्या, कोणी शाळेत. वर्षातले तीन दिवस ती आपले गाव पाहुण्यांसमोर मांडतात. आणि आपण? लिहू का? लिहितेच. आपल्या गणपतीला आरती साडेसहाला असते आणि आपल्या गटातील बहुतेक मंडळी सव्वाआठला येतात, कारण जेवण साडेआठला असते. खुर्च्या मांडायला पाच जण, उचलायला तीन, आणि 'या वर्षी मसालेभात कोरडा होता' हे सांगायला पन्नास. सजावटीच्या थर्माकोलच्या खांबांना मी तरी कधी कोणाला नकली म्हणताना ऐकलेले नाही. ते नकलीच असतात. मी स्वतः त्यांना सोनेरी रंग दिला आहे.

हे लिहून झाल्यावर मी उठून अंगणात एक फेरी मारून आले. वरचा परिच्छेद पुसावा असे वाटले होते, पण राहू दे. त्या तीन जणांना तो कळेल.

ज्यांनी अहवाल लिहिला त्यांच्याविषयी खरे तर माझ्या मनात राग नाही. ते दुपारी एकला पोहोचले, वाहने उभी करायला जागा मिळेना, मुले भुकेली, ऊन कडक, आणि रस्ता धुणे सुरू होण्याआधीच ते निघाले, असे नंतर त्यांच्या पत्नीने मला वेगळे कळवले. जुन्या अमेरिकन पश्चिमेतला प्रसिद्ध कायदारक्षक वायट अर्प याचे लहानपण ज्या घरात गेले ते घर याच गावात, ऐतिहासिक वाडीच्या आवारात आहे, हे त्यांच्या मुलाला कळल्यावर तो म्हणे गाडीतच रडायला लागला, कारण त्याला काउबॉय आणि शेरिफ यांचे भारी वेड आहे. त्याला मी पुढल्या वर्षी घेऊन जाईन, असे मी तिला लिहिले आहे. त्याच्या बाबांनाही जागा आहे गाडीत.

आणि आता जे सांगायचे नव्हते ते. संध्याकाळी आईचा फोन आला. तिच्याकडे सोमवारची सकाळ उजाडली होती. गुडघ्यांमुळे ती आता इकडे येऊ शकत नाही, पण मे महिन्याचा पहिला शनिवार-रविवार तिच्या बरोबर लक्षात असतो. कालनिर्णयावर त्या तारखेला ती पेन्सिलीने झाडू काढून ठेवते. तिने नेहमीचाच प्रश्न विचारला, 'काय गं, धुतला का रस्ता?'

मी यंदा गेलेच नव्हते. शनिवारी कपडे धुवायचे होते, सोमवारच्या बैठकीची तयारी होती, आणि मनात कुठेतरी हेही होते की पेला काय, पाहून झालेले आहे.

'धुतला,' मी म्हणाले.

'ती म्हातारी होती का?'

'होती,' असेही मी म्हणाले. मग आईने विचारले की तिची तब्येत कशी वाटली.