टोक मोडवत नाही

जुन्या वह्या-डायऱ्यांना पुठ्ठ्याची बांधणी करायचा नाद मला लागला, तेव्हा घरच्यांना वाटलं, बरं झालं, निदान बसून करायचा छंद आहे. पुठ्ठा उभ्याने कापावा लागतो हे त्यांना आणि मला एकदमच कळलं.

दोन मिलिमीटरचा पुठ्ठा. दिसायला गरीब, पण अंगात पीळ. हाताशी होता तो 9 मिलिमीटर रुंद पात्याचा बारका कटर, जो प्रत्येक घरात असतो आणि कोणी आणला ते कोणालाच आठवत नाही. पट्टी लावली, दात-ओठ खाल्ले आणि ओढला. पहिला इंचभर त्याने माझं ऐकलं. मग पातं पट्टीवर चढलं, प्लॅस्टिकच्या पट्टीची एक नाजूक साल निघून माझ्या बाहीवर पडली आणि पुठ्ठ्यावरचा काप डोंगरातल्या नदीसारखा मनाला येईल तसा वळत गेला.

"नकाशा काढतोयस का?" बायकोने विचारलं.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. माझं अंगण निदान बदलता येण्यासारखं होतं. चांगला कटर आणायचा ठरवलं आणि दोन-चार जणांना विचारलं. हे विचारणं चुकलं. राजकारणावर मतभेद असूनही एकत्र जेवणारी माणसं कटरवरून एकमेकांशी अबोला धरू शकतात.

गालिचे बसवणाऱ्या एका ओळखीच्याने सांगितलं, "टोक मोडून टाकायच्या पात्याच्या नादी लागू नका. हलणारं पातं म्हणजे हलणारा दात." त्याचा कटर लोखंडी मुठीचा, जाड चौकोनी-तिरक्या पात्याचा. एक टोक बोथटलं की पातं उलटं फिरवायचं, दुसरं टोक तयार. शिवाय आकडीसारखं एक पातं त्याच्या खिशात असतं. ते गालिचा खालून वर उचलून कापतं, फरशीला ओरखडा नाही. छोट्या प्रतिकृती बनवणारा मित्र म्हणाला, 30 अंशांचं निमुळतं टोक नसेल तर तो कटरच नव्हे. गोदामात काम करणारा मावसभाऊ मात्र फक्त माझ्या बोटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तू आपोआप आत जाणाऱ्या पात्याचाच घे."

मी प्रत्येकाचं ऐकलं. त्याआधी स्वतःचंही ऐकलं होतं: 18 मिलिमीटरचा आणायला गेलो आणि 25 चा घेऊन आलो, कारण तो हातात धरल्यावर आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. प्लायवूड, जाड रबर, म्हणजे छताचे पत्रे सोडून बाकी सगळं कापणाऱ्यांसाठी ते हत्यार. मी त्याने डायरीच्या आतला कागद कापायला घेतला. नाकापेक्षा मोती जड. कागद कापला नाही, घाबरून गोळा झाला.

मग लोखंडी मुठीचा. त्याचं पातं उलटायचं तर मधला स्क्रू काढायचा. मुठीचे दोन शिंपले उघडतात आणि आतली स्प्रिंग जग बघायला निघते. ती चौथ्या दिवशी कपाटाखाली सापडली. मग मावसभावाचा. चाप सोडला की पातं आत. दिवसभर खोके फोडणाऱ्यांची बोटं त्याने वाचवली असतील यात शंका नाही. पण मी लांब काप घ्यायचो, मध्येच अंगठा ढिला पडायचा, पातं आत जायचं आणि पुढच्या दोन वितींवर मी मोठ्या एकाग्रतेने नुसतीच मूठ फिरवत असायचो.

शेवटी, ज्यांच्याकडे बांधणी शिकतो त्या काकांना घरी बोलावलं. टेबलावर चारही कटर शस्त्रपूजेसारखे मांडले. त्यांनी मोठे तीन बाजूला सारले, घरचा बारका उचलला, पातं दिव्याखाली धरलं आणि हळूहळू फिरवलं. टोकाशी चांदीच्या तारेसारखी एक बारीक रेघ चमकली.

"दिसली?" काका म्हणाले. "चांगली धार दिसत नाही. दिसली म्हणजे गेली. टोक शेवटचं कधी मोडलंस?"

मी गप्प.

"म्हणजे कधीच नाही?"

"काका, अजून चालतंय की!"

साबणाच्या चिपटीला नवा साबण चिकटवणारा माणूस मी. आख्खं लखलखीत पातं असताना त्याचा तुकडा मोडून टाकायचा, हे माझ्या हाताला जमत नाही. आणि गंमत अशी, की हा कटर जन्माला आला तोच मोडण्यासाठी. जपानमधल्या ओसाकातल्या छापखान्यात कागद कापणाऱ्या योशिओ ओकादांना बोथट पात्यांचा वैताग होता. चांभार चामडं तासायला काच वापरत आणि बोथटली की फोडून नवी कड काढत, हे त्यांनी पाहिलं होतं; अमेरिकन सैनिकांच्या चॉकलेटच्या मोडायच्या वड्याही आठवत होत्या. दोन्हींची सांगड घालून त्यांनी 1956 मध्ये खाचांवर मोडणारं पातं केलं. त्यांच्या कंपनीचं ओल्फा हे नावसुद्धा 'ओरू' म्हणजे मोडणं आणि 'हा' म्हणजे पातं यांवरून. नावातच मोड म्हणून सांगितलंय, आणि मी ते पातं वारसाहक्काने पुढच्या पिढीला द्यायला निघालो होतो.

काकांनी कटरच्या शेपटाची टोपी काढली. तिच्यात एक फट असते, ती कशासाठी असते हे मला त्या दिवशी कळलं. एकच तुकडा बाहेर, खाचेची रेघ वर, टोक फटीत, तोंड दुसरीकडे. टक्. मी डोळे मिटले होते.

मग त्यांनी स्टीलची पट्टी मागितली. प्लॅस्टिकच्या पट्टीकडे बघून ते काही बोलले नाहीत, फक्त तिच्या खाचांवरून बोट फिरवलं. पहिला हात इतका हलका, की पुठ्ठ्यावर नुसती वाट उमटली. दुसरा त्याच वाटेने. जोर कुठेच नाही. "बोथट पात्यालाच जोर लागतो, आणि जोर लावलेलं पातं सटकलं की बोटाकडे जातं," ते कापता कापता सांगत होते. सातव्या हाताला पुठ्ठा आपणहून वेगळा झाला. त्याच कटरने.

"तरी पुठ्ठ्याला 18 चा घे," जाताना म्हणाले. "सरकत्या कळीचा नको, फिरकीने आवळायचा घे, दाबल्यावर पातं मागे पळत नाही. घेताना पातं थोडं बाहेर काढ, चपट्या बाजूने धरून आडवं हलवून बघ. खुळखुळलं तर ठेव परत."

मी तसाच आणला. खुळखुळत नाही. स्टीलची पट्टी आणली, कापायची चटई आणली, मोडलेली टोकं टाकायला झाकणाचा पत्र्याचा डबा केला, झाकणाला चीर पाडली, वर ठळक अक्षरांत 'पाती' असं लिहिलं. याला आता वर्ष होईल.

डब्यात दोन तुकडे आहेत. पहिला काकांनी मोडलेला. दुसरा बायकोने, पार्सल उघडताना, चुकून.