कशावरून?

आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांच्या जयंतीला समई, शाल, श्रीफळ आणि तैलचित्र. आमच्या बी.ए.च्या ग्रुपवर तीन दिवस एवढंच चाललंय. फ्रेम सोनेरी हवी की सागवानी, यावरून दोन तट पडले. मधेच कुणीतरी बातमी टाकली की कॉलेजातला तत्त्वज्ञान विभाग विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून बंद होतोय. तिला चार जोडलेले हात आणि एक रडका चेहरा मिळाला. मग तालुक्याला बियाणं-खतांचं दुकान असलेला एक वर्गमित्र म्हणाला, "बरंच झालं. तत्त्वज्ञान शिकून कुणाचं पोट भरलंय?"

मी तेव्हा इथे फ्रान्समध्ये, तुलूझच्या मेट्रोत होते. चिडून उत्तर लिहिता लिहिता माझं ज्याँ-जोरेस स्टेशन मागे गेलं. आता योगायोग म्हणा, पण स्टेशनाला ज्याचं नाव आहे तो जोरेस राजकारणात गाजला, तरी मुळात तत्त्वज्ञानाचा मास्तर. इथे तुलूझलाच शिकवायचा. हेही मी ग्रुपवर लिहिलं. आणि लिहिलं की इथे जूनमध्ये लिसेच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या, शेवटच्या वर्षातली पोरं चार तास बसून तत्त्वज्ञानाचा पेपर लिहितात, पुढे इंजिनिअर-डॉक्टर होणारीसुद्धा. 2024 साली एक प्रश्न होता, 'राज्यसंस्था आपलं काही देणं लागते का?' त्या दिवशी बुलाँजरीतली बाई पाव गुंडाळता गुंडाळता मला विचारत होती, तुमच्या मुलीनं कुठला प्रश्न घेतला? आपल्याकडे दुकानात कुणी असं विचारेल?

मुलीला वीसपैकी सात पडले, हे मात्र मी ग्रुपवर लिहिलं नाही.

आमचे सर हिरव्या शाईनं पेपर तपासायचे. समासात एकच शब्द, 'कशावरून?' माझ्या पहिल्या ट्युटोरियलवर तो अकरा वेळा होता. वाईहून टपालानं 'नवभारत' मासिकाचा अंक यायचा, तो घडी न मोडता वर्गात आणायचे. तत्त्वज्ञ मे. पुं. रेग्यांचा लेख मोठ्यानं वाचायचे, पुन्हा वाचायचे, आणि वही मिटून म्हणायचे, आता यात चूक शोधा. खानदेशातली आम्ही पोरं. कुणाचे वडील हमाल, कुणाचे केळीवाले. दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकवलेल्या माणसाची चूक आम्ही शोधायची! पण शोधायचो. कशीबशी मांडलेली चूक सर फळ्यावर लिहायचे, तिच्यापुढे आमचं नाव लिहायचे, मग तिच्या चिंधड्या उडवायचे.

एकदा पॅसेंजरनं अमळनेरला नेलं होतं, तत्त्वज्ञान मंदिर दाखवायला. प्रताप शेठजींनी 1916 साली काढलेली संस्था. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ तिथे येऊन राहिला, साने गुरुजी तरुणपणी तिथे शिकले. परतीच्या गाडीत, मांडीवर भरीत-भाकरीचा डबा उघडा ठेवून, सरांनी पुण्याच्या 1983च्या संवादाची गोष्ट सांगितली. रेगे, दया कृष्ण वगैरे तत्त्वज्ञ मंडळींनी इंग्रज तत्त्वज्ञ रसेलचं तर्कशास्त्र संस्कृतात आणून न्यायदर्शनाच्या, म्हणजे आपल्या जुन्या तर्कपरंपरेच्या, पंडितांपुढे ठेवलं : हे घ्या, खोडून काढा. सांगताना सरांचा घास हातातच राहिला होता. मला अजून तो घास दिसतो.

अशा माणसाला समई? गुरुपौर्णिमेला कुणी वाकलं तर सर मागे सरकायचे. "पाया पडणं राहू द्या, कालच्या मुद्द्याचं उत्तर द्या." त्यांचा गुरू करून टाकला की उत्तर द्यायचं राहूनच जातं, तेवढीच सोय.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. जरा जास्तच लिहिलं. परदेशात राहिलं की आपल्याकडच्या गोष्टी फार स्पष्ट दिसायला लागतात असं वाटतं, आणि कुणी मधे बोलायला नसतं. ऑफिसात जेवताना कुणी 'तुम्ही भारतीय म्हणजे योग आणि ध्यान' असं म्हणालं की मी हुकमाचं पान टाकावं तसे सर काढते. पण मुलीनं तो राज्यसंस्थेचा प्रश्न टेबलावर मांडला, तेव्हा गृहीतक, व्याघात, अतिव्याप्ती असे माझ्याकडे होते नव्हते ते सगळे शब्द मराठीत होते. ती फ्रेंचमध्ये विचार करते. माझं फ्रेंच एकोणीस वर्षांनीही प्रेफेक्त्यूरच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या, खिडकीपुरतंच. दोन वाक्यांत आम्ही दोघी भाजीकडे वळलो.

दुकानवाल्या मित्राचं उत्तर रात्री आलं. आमच्याकडे रात्र, म्हणजे त्याची झोपमोड झालेली. "सर गेले तेव्हा तू आली नव्हतीस. शेवटची दोन वर्षं त्यांचा डबा माझ्या घरून जायचा. मीच न्यायचो. रोज अर्धा तास वाद. मी म्हणायचो, सर, ह्या विषयानं पोट भरत नाही. ते म्हणायचे, कशावरून? तिचं पत्र येतं का रे, हेही विचारायचे."

मी दोन पत्रं लिहिली होती. दोन्ही पहिल्या वर्षातली.

भावाला सांगून वर्गणी भरली, 1,100 रुपये. फ्रेम शेवटी सागवानी ठरली. काल देणगीदारांची यादी आली. 'माजी विद्यार्थी' या मथळ्याखाली मी माझं नाव दोनदा शोधलं. ते अगदी तळाला होतं, वेगळ्या रकान्यात, एकटंच. वर लिहिलं होतं, 'परदेशस्थ हितचिंतक'.

'कशावरून?' असं टाइप केलं, आणि पुसलं.