'होतो' म्हणजे 'हॅड' असं पोरांना शिकवू नका

परवा क्लासमधल्या एका पोराची मुलाखतीची तयारी करून घेत होतो. तो म्हणाला, "आय हॅड कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०२१." मी पुढचं ऐकायला थांबलो. तोही गप्प. मग म्हणाला, "झालं की सर, एवढंच."

गोची इथेच आहे. 'हॅड' कानावर पडला की इंग्रजी ऐकणारा पुढच्या घटनेची वाट बघतो. डिप्लोमा झाला होता, बरं, मग काय घडलं? काही घडलं नसेल तर नुसतं 'आय कम्प्लीटेड' म्हणायचं.

पोरगं चुकलं, पण ते ढ म्हणून नव्हे. त्याचं मराठी पक्कं आहे म्हणून चुकलं. "बाबा पुण्याला गेले" म्हटलं तर बाबा अजून तिकडेच. "गेले होते" म्हटलं की जाऊन आले. आपला 'होते' एवढंच सांगतो की गोष्ट आटोपली. इंग्रजीत पहिल्याला 'हॅज गॉन' आणि दुसऱ्याला साधं 'वेंट'! सोलापुरात तर पोरं कुठल्याही घरातनं येवोत, कन्नड घरात 'होगिद्दे', उर्दू घरात 'गया था', मराठी घरात 'गड्ड्याच्या जत्रेला गेलो होतो'. वर्गात आलं की सगळ्यांचं मिळून 'आय हॅड गॉन यस्टर्डे'.

डॉ. कोटणीस आपल्या सोलापूरचे, त्यांच्यावर निबंध ठरलेला. "१९३८ साली ते चीनला गेले होते" याचं पोरं हमखास 'हॅड गॉन' करतात. साल दिलंय, तिथं 'वेंट'च. पण "१९४२ मध्ये ते वारले, तोवर त्यांनी तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं होतं" इथं मात्र 'हॅड मॅरीड', कारण आपण १९४२ मध्ये उभं राहून मागे बघतोय.

डॉक्टर येण्याआधी पेशंट दगावला, या एका वाक्यावर आपल्या पिढ्या शिकल्या. मला ते उदाहरणच पटत नाही. त्यात 'बिफोर' आहे, आधी काय नि नंतर काय ते त्यातच कळतं, 'हॅड' नसला तरी बिघडत नाही. त्यापेक्षा स्टेशनवर चला. "आम्ही पोचलो तेव्हा सिद्धेश्वर सुटली" म्हणजे गाडी डोळ्यांदेखत गेली, 'लेफ्ट'. "सुटली होती" म्हणजे फलाट रिकामा, 'हॅड लेफ्ट'. इथं 'हॅड' काढला तर अर्थच बदलतो. पोरांना हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही, माझा अनुभव आहे.

त्या पोराला म्हटलं, तुला 'हॅड' वापरायचाच आहे ना? मग २०२१ च्या आधीचं काहीतरी सांग. थोडा विचार करून म्हणाला, "आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०२१. बाय देन आय हॅड वर्क्ड इन अ टॉवेल फॅक्टरी फॉर टू समर्स." दोन उन्हाळे एमआयडीसीत यंत्रावर उभा होता तो. मुलाखतीत हे सांगायचंच नाही असं त्यानं ठरवलं होतं.