जानेवारीत कोण जातं रे किल्ला बघायला?

नानाची लेक म्युनिकला असते. तिकीट स्वस्त पडलं म्हणून नानानं जानेवारीत जायचं ठरवलंय, आणि तिकडचा नॉयश्वानस्टाइन किल्ला बघणारच म्हणतो. कटिंग हातात येईस्तोवर कट्टा पेटला.

मास्तर म्हणाला, "बर्फात काय बघणार, कपाळ? ज्या मारियनब्रुकेवरून सगळं जग फोटो काढतं, तो पूल बर्फ साचला की बंद. वर जाणारी बसही बंद. तीसचाळीस मिनिटं चढण, आणि चारला दरवाजे बंद. गुडघे कुणाचे जाणार?"

"घोडागाडी असते," नाना पुटपुटला.

डॉक्टर उसळला. "मग उन्हाळ्यात जाऊन काय बघायचं? दिवसाला ६,००० माणसं! आत अर्धा तास फिरवून बाहेर काढतात, वर फोटोला बंदी. पुढच्याचं टक्कल बघून यायचं."

मी डॉक्टरच्या बाजूचा. बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजानं १८६९ साली हे बांधायला घेतलं ते लोकांपासून लांब राहायला. १८८६ च्या जूनमध्ये तो गेला आणि सात आठवड्यांत तिथं तिकीट लावून लोक सोडले! बिचाऱ्याला हवा होता तसा एकांत मिळालाच तर हिवाळ्यातच मिळेल. सिंहासनाच्या दालनात सिंहासनसुद्धा नाही. ते बनायच्या आतच राजा गेला.

"सिंहासन नाही, एक लढाई नाही, भिंतीतून गरम हवेची सोय. याला किल्ला म्हणायचं?" मास्तर.

इथं मी काडी टाकली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या ज्या बैठकीत रायगडासह आपले बारा किल्ले यादीत गेले, त्याच बैठकीत लुडविगचे चार महालही गेले.

"एका पंगतीत?" मास्तरचा चहा सांडला. पुढची दहा मिनिटं रायगडच. ती इथं लिहीत नाही, तुम्हाला पाठ असतील.

नानाला जवळच्या लिंडरहोफ महालाची बागही बघायची होती. त्यावर मात्र डॉक्टरनंच हात जोडले. थंडीत तिथली कारंजी बंद, आणि पाणी गोठून फुटू नयेत म्हणून पुतळ्यांवर लाकडी खोकी. खोक्यांची बाग बघायला एवढ्या लांब कशाला? ते मे महिन्यासाठी ठेव.

उठता उठता मास्तर नानाला म्हणाला, "माझी माकडटोपी घेऊन जा. हरवलीस तर बघ."