कंटॅम कोणामुळे?

टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवायच्या जागी, केळीच्या कोंबाला आंघोळ घालण्यात माझी सकाळ जाते. मुनवा (केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू) सोलत सोलत आतल्या पांढऱ्या कोंबापर्यंत यायचं, मग वाहतं पाणी, मग साबण, मग बुरशीनाशक, मग ७० टक्के अल्कोहोल आणि शेवटी मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचा क्षार. (अल्कोहोल १०० टक्के का नाही, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. जंतूंची प्रथिनं मोडायला अल्कोहोललाही थोडं पाणी लागतं.) एवढं सगळं सोसून कोंब बाटलीत बसतो. आठवडा उलटायच्या आत त्याच्या बुडाशी दुधट साय धरते. हेच कंटॅम, म्हणजे बाटलीत जंतूंचा शिरकाव. कोंब मात्र जसाच्या तसा, वर काळा पडून रुसलेला.

बाटलीतलं जेवण म्हणजे एमएस मीडिया. मुराशिगे आणि स्कूग या दोघांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेली ही पाककृती आज जगभर चालते. क्षार, जीवनसत्त्वं, अगार, पीएच ५.८ आणि लिटरला ३० ग्रॅम साखर. घोळ त्या साखरेत आहे. काचेत कोंडलेल्या कोंबाला स्वतःचं अन्न पुरेसं करता येत नाही म्हणून ती घालायची. पण जावयासाठी आणलेल्या श्रीखंडावर सगळी आळीच तुटून पडावी, तसं होतं.

साय दिसली की लॅबमध्ये चौकशी आयोग बसतो. अध्यक्षपदी आमची सीनियर ताई. "लॅमिनारमध्ये बोलत होतीस ना?" हा तिचा पहिला प्रश्न. (लॅमिनार म्हणजे गाळलेल्या हवेचं कपाट. त्यात काम करताना बोललं की तोंडातले जंतू बाटलीत जातात.) ती स्वतः लॅमिनारसमोर बसून होस्टेलच्या मेसचं अख्खं राजकारण सांगते, तरी तिच्या बाटल्या लखलखीत. तिला हातगुण आहे म्हणे! जनुकांवर पेपर लिहिणारी माणसं हे अगदी गंभीरपणे बोलतात. ज्युनियर मुलाचा संशय माझ्या परफ्यूमवर. बाटल्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हचं नाव कोणी काढत नाही, कारण ऑटोक्लेव्ह लॅबमधल्या मामांचा.

१२१ अंश, १५ पौंड दाब, २० मिनिटं. मामांनी झाकण आवळलं की कुलगुरूंनाही ते उघडता येणार नाही. कोणाचा ट्रे आधी, हे चहा कोणी आणला यावर ठरतं. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. ती नेमकी शेवटच्या दोन मिनिटांत. मग पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चहा. एकदा मी चाचरत विचारलं, "मामा, दाब पूर्ण येतो ना?" मामा म्हणाले, "मॅडम, मी उकळलेल्यात आजवर काय जित्तं राहिलंय? तुमची फुंकर बघा."

सर रागवत नाहीत. ते हाबरलांटची गोष्ट सांगतात. या गृहस्थांनी १९०२ साली वनस्पतीच्या सुट्या पेशी काचेत वाढवायचा घाट घातला. पेशी जगल्या, पण एकही विभागली नाही. तरी आज ते या शास्त्राचे जनक! एवढं बोलून सर केबिनमध्ये निघून जातात. जनक व्हायची माझी ना नाही, पण फेलोशिप तोवर पुरायला हवी.

घरी रावेरला तर विचारूच नका. "कंपनीवाले टिश्यूची रोपं लाखांनी काढतात, तुला एक निघंना?" इति आप्पा. हे व्यापारी वाण नाही, बांधावरची जुनी केळ आहे, हिच्यासाठी हार्मोनचं प्रमाण नव्यानं बसवावं लागतं, असं मी समजावते. आप्पा ऐकून घेतात आणि म्हणतात, "मग थोडं शेणखत घाल की."

शेवटी सरांनी ती साय मायक्रोस्कोपखाली घालायला लावली. निघाले जिवाणू, आणि तेही बाहेरून आलेले नव्हेत. केळीच्या पेशींच्या अधेमधे ते आधीपासून मुक्काम करून होते. शेतात निमूट राहतात, साखर दिसली की माजतात. बाहेरून कितीही पारा फासा, आतल्या भाडेकरूला त्याचा पत्ता लागत नाही. माझी फुंकर, परफ्यूम, सगळं निर्दोष सुटलं. ताईचा चेहरा जरा उतरला. मामा म्हणाले, "म्हणजे चूक केळीची. तसं लिहून द्या." मी लिहून दिलं. तो कागद आता ऑटोक्लेव्हच्या वर चिकटवलेला आहे, खाली माझी सही. सरांना त्या जिवाणूंमध्ये थीसिसचं एक जास्तीचं प्रकरण दिसू लागलं आहे.

आप्पांना मोठ्या उत्साहानं फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता.

"मुनवे कुठले नेले होतेस गं?"

"आपल्याच बांधावरचे."

"आपल्या केळीत काही नाही," आप्पा म्हणाले. "तू बोलत असशील काम करताना."