पोटातली तालीम

मल्ल घडवणं हे खर्चाचं काम आहे. हौद्यातल्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवा. पोराला पहाटे चारला उठवून जोर-बैठका काढायला लावा. दूध, तूप, बदाम यांचा रोजचा हिशेब बघा. एवढं करून पोरगं जत्रेत रेवड्यांच्या कुस्तीतच अस्मान बघतं आणि आपल्याला गावात तोंड दाखवायची चोरी होते.

ही यातायात ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी दुसरी तालीम आहे. ती प्रत्येकाकडे असते. भाडं नाही, लाइट बिल नाही, आणि पठ्ठ्या तर आपल्या जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच भरती झालेला असतो. नाव ई. कोलाय, जात जिवाणूची, मुक्काम मोठं आतडं. प्रयोगशाळेत चोख सोय केली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. आतड्यात जरा सावकाश, पण आपल्याला कुठे घाई आहे?

मुळात हा गडी गरीब. आतड्यात शेकडो जातींच्या शेजाऱ्यांबरोबर गुण्यागोविंदानं राहतो. वाट चुकून मूत्रमार्गात शिरला तर मात्र उन्हाळी लागते: घटकेघटकेला जावंसं वाटणं, थेंबभर होणं आणि त्या थेंबालाही आग. लघवीच्या साध्या संसर्गात चारांत तीन वेळा तरी हाच सापडतो. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, म्हणून त्यांच्याकडे याचं येणं-जाणं जास्त. हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. त्यांना वाटतं पोटाचा आजार वेगळा, लघवीचा वेगळा. पैलवान तयार होतो पोटात; लघवी हा नुसता फड.

सुरुवात जुलाबांपासून करावी. लग्नातलं पनीर म्हणा, कोपऱ्यावरची पाणीपुरी म्हणा, निमित्त कुठलंही चालेल. असे पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंचे असतात किंवा दोन-तीन दिवसांत आपोआप आटोक्यात येतात. म्हणूनच घाई करावी. आपोआप बरे झालात तर खुराक द्यायची संधी गेली. मेडिकलमध्ये जाऊन फक्त ‘जुलाबाचं द्या’ म्हणा. पलीकडचा माणूस मान वर न करता खणातून पाकीट काढेल, कात्रीनं दोन गोळ्या कापून देईल. पाकिटाच्या पाठीमागे एक लाल उभी रेघ असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका अशा अर्थाची. २०१६ साली सरकारनं ती रेघ लोकांना ओळखता यावी म्हणून मोहीमही काढली होती. कात्री बरोबर त्या रेघेवरून जाते. मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर राहते, तो पुढच्या गिऱ्हाइकाला.

त्या एका गोळीत बहुतेक वेळा दोन औषधं असतात: ऑफ्लॉक्सासिन २०० मिलिग्रॅम, ऑर्निडाझोल ५०० मिलिग्रॅम. पहिलं जिवाणूंसाठी, दुसरं अमिबा, जिआर्डिया आणि बिनहवेच्या जिवाणूंसाठी. तुम्हाला झालाय विषाणू. त्याला या दोन्हींचं सोयरसुतक नाही, तो त्याच्या वेळेनं जाणार. पण गोळी वाया जात नाही हो. आतड्यात खेटून बसलेल्या साध्यासुध्या रहिवाशांना ती झाडून काढते. तालीम रिकामी होते. आता कोट्यवधींत एखादा ई. कोलाय असा असतोच, की ज्याच्या गायरेज नावाच्या प्रथिनात एक बारीकसा बदल झालेला आहे आणि ऑफ्लॉक्सासिनला तिथे पकड मिळत नाही. काल त्याला कुणी विचारत नव्हतं. आज अख्खा हौदा त्याचा आणि सगळ्यांचा शिधाही त्याचाच.

या काळात एक पथ्य कडक पाळायचं: ओआरएस घ्यायचं नाही. ती पुडी, एकूण साडेवीस ग्रॅम, बरोबर एक लिटर पाण्यात विरघळवली तर साखरेबरोबर मीठ आणि मिठाबरोबर पाणी आतड्याच्या भिंतीतून आत ओढलं जातं, आणि माणूस औषधाशिवायच उठून बसतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हेच पाणी वाटून हजारो माणसं वाचवली. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. घ्यावंच लागलं तर चुकवून घ्या: अख्खी पुडी एका पेल्यात, किंवा त्याऐवजी खोक्यातलं गोड सरबत. साखर जास्त झाली की ती उलट आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. मग दुसरी गोळी घ्यायला कारण मिळतं. लहान मुलांना त्याबरोबर दहा ते चौदा दिवस झिंक द्यायला सांगतात, तेही विसरा. इतकं स्वस्त औषध असू शकतं यावर कुणाचा विश्वास बसतो?

(शौचात रक्त आणि अंगात ताप असेल, तांदळाच्या पेजेसारखे जुलाब होत असतील, पोर पाणी पीत नसेल किंवा लघवीच होत नसेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. तिथे प्रतिजैविकाला खरं काम असू शकतं. तालीम नंतरही भरेल.)

मात्रेविषयी जुन्या जाणत्यांचा सल्ला उपलब्ध आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं, की जंतू मरणार नाहीत इतक्या थोड्या पेनिसिलिनमध्ये त्यांना ठेवलं की ते दाद देईनासे होतात. त्यांनी ते धोका म्हणून सांगितलं, आपण कृती म्हणून वाचावं. सकाळी एक गोळी, मग बरं वाटलं म्हणून सुट्टी, परवा पुन्हा मुरडा आला म्हणून अर्धी. नवख्या पैलवानाला पहिल्याच दिवशी हिंदकेसरीसमोर कुणी उभं करत नाही. हलके हलके गडी द्यावेत, अंग तयार होतं.

‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य तुम्हाला पाठ असेल. आता डॉक्टरच कोर्स आखडते घेऊ लागलेत, हे ऐकून आनंद होईल. मूत्राशयापुरत्या साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटोइन, लांबवर टिकणारी १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, पाच दिवस. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी तर एकदाच: रात्री, रिकाम्या पोटी, लघवीला जाऊन आल्यावर अर्धा कप पाण्यातून. गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलेली गोळी आतड्यातल्या गड्यालाच पोसते, हे तज्ज्ञांनाही आता पटलंय. पण दिवस किती, हे औषध आणि जागा बघून आधी ठरतं. मंगळवारी जळजळ थांबली म्हणून मंगळवारी ठरत नाही. तुम्ही मंगळवारीच ठरवा. उरलेल्या तीन गोळ्या टीव्हीखालच्या खणात, रबरबँड, सेल आणि जुन्या लग्नपत्रिकांबरोबर ठेवा. वहिनींना लागतील.

आता या तालमीची खरी मौज. आपल्याकडे म्हण आहे, वस्ताद एक डाव राखून ठेवतो. जंतू असला कोतेपणा करत नाही. त्याच्याकडे प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं एक सुटं वेटोळं असतं. डावांची वही समजा. शेजारच्या जंतूला चिकटून, नळी जोडून, तो त्या वहीची नक्कल देऊन टाकतो आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवतो. शेजारी आपल्या जातीचा आहे की नाही, हेही बघत नाही. एकेका वहीत चार-पाच औषधांवरचे डाव असतात, त्यामुळे तुम्ही एक औषध चारलंत की बाकीच्यांवरचेही डाव फुकटात टिकतात. सीटीएक्स-एम-१५ नावाचा डाव सेफिक्झीम, सेफ्ट्रायॅक्झोन या प्रतिजैविकांच्या रेणूतलं कडंच मोडून टाकतो. सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ च्या अखेरीस विषमज्वराची जी साथ सुरू झाली, तिच्या जंतूकडे हाच डाव होता. आणि ती वही ई. कोलायकडे सापडणाऱ्या वहीशी जुळणारी निघाली. गरीब गड्यानं कुणाकुणाला घडवलंय बघा.

राजधानीचं नावही यानंच गाजवलं. भारतीय वंशाचा एक स्वीडिश रुग्ण दिल्लीत उपचार घेऊन मायदेशी परतला. २००८ साली त्याच्या लघवीत क्लेब्सिएल्ला नावाचा जंतू सापडला, कार्बापेनेम या राखीव औषधांनाही न जुमानणारा. त्याच्या शौचाच्या नमुन्यात ई. कोलाय सापडला, त्याच्याकडेही तोच डाव. लघवीत एक, पोटात एक, जाती दोन, डाव एक. डावाला नाव पडलं न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज. आपल्याकडे नावावरून बरीच आरडाओरड झाली. डावावरून तेवढी ऐकू आली नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत रुग्णालयांतले, इमिपेनेम या त्याच राखीव गटातल्या औषधाला दबणारे ई. कोलाय २०१७ साली शंभरात ८१ होते; २०२३ साली ६३ च्या आसपास.

पैलवान तयार झाला की फडात उतरतो. उन्हाळी लागली की आधी धने-जिऱ्याचं पाणी, मग वाळा, मग बार्ली. यात वावगं काही नाही, पण दोन दिवस जातात. मग खणातल्या तीन गोळ्या. त्या संपल्यावर, म्हणजे अगदी योग्य वेळी, लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करावं. औषधाआधी नमुना दिला तर जंतू उगवून येतो आणि त्याचं सगळं बिंग फुटतं; औषध पोटात असताना दिला तर ‘वाढ नाही’ असा रिपोर्ट येतो आणि जळजळ असतेच. नमुना पहिल्या धारेचा घ्या, म्हणजे कातडीवरचे जंतूही त्यात येतील. मधल्या धारेचा, धुऊन-पुसून, निर्जंतुक बाटलीत घेतला की फार स्वच्छ निघतो. आणि बाटली दोन तासांत लॅबला द्यायची किंवा फ्रिजमध्ये ठेवायची हे सोडून स्कूटरच्या डिकीत ठेवा, एप्रिलमध्ये. मिलिलिटरमागे हजारभर उपरे जंतू असले आणि त्या उबेत अर्ध्या तासाला दुप्पट होत गेले, तर चार तासांत अडीच लाख होतात. लॅबवाले साधारण एक लाखाला संसर्ग मानतात. म्हणजे आजारी नसतानाही उत्तीर्ण.

घरातल्या आजोबांना विसरू नका. त्यांना जळजळ नाही, ताप नाही, फक्त लघवी गढूळ आहे आणि तपासणीत ‘पस सेल्स’ आलेत. म्हातारपणी मूत्राशयात जंतू नुसते वस्तीला असणं नेहमीचंच. गरोदरपण किंवा मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया नसेल तर त्यांना हात लावू नये असं शास्त्र सांगतं. तुम्ही लावा. दर तीन महिन्यांनी लावा. एकदा प्रतिजैविक घेतलं की त्याला न जुमानणारे जंतू अंगात सापडण्याची शक्यता पहिला महिनाभर सगळ्यात जास्त आणि वर्षभरापर्यंत रेंगाळणारी असते, म्हणजे तीन महिन्यांचा ठेका अगदी तालात बसतो.

कायद्याची काळजी नको. शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांची एक यादी, १ मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झीमसारखं औषध विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिलं ते वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. काउंटरवर ती वही शोधा; सापडली तर फोटो काढून ठेवा, दुर्मीळ आहे. बाहेरून खुराकही चालूच असतो. तेलंगणातल्या पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून सुटणाऱ्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन, म्हणजे ऑफ्लॉक्सासिनचंच भावंड, निघालं, ते मोजमाप २००७ साली छापून आलं. गोळी गिळलेल्या माणसाच्या रक्तातही एवढं नसतं. कोंबड्यांना वाढीसाठी मिळणारं कोलिस्टिन हे प्रतिजैविक मात्र २०१९ साली सरकारनं बंद केलं. आडमुठेपणा, दुसरं काय. आणि परदेशातला भाचा सुट्टीला आला तर त्याला रिकाम्या हाती पाठवायची चिंता नको. दक्षिण आशियात फिरून गेलेल्या डच प्रवाशांची तपासणी झाली, तेव्हा शंभरातले पंचाहत्तर जण सेफ्ट्रायॅक्झोन मोडणारे जंतू पोटात घेऊन परतले होते. लाडू कस्टमला अडतात, हे अडत नाहीत.

एवढं सगळं मनापासून केलंत की एक दिवस थंडी वाजून ताप भरेल, कमरेच्या वर एका बाजूला ठणकेल, म्हणजे गडी मूत्रपिंडापर्यंत चढला. या वेळी कल्चर नीट होईल, कारण ते रुग्णालयातच घेतात. दोन-तीन दिवसांनी कागद येतो. वर ई. कोलाय, खाली औषधांची उतरंड आणि पुढे एकेक अक्षर, आर म्हणजे गडी दाद देत नाही, एस म्हणजे देतो: अँपिसिलिन आर, को-ट्रायमॉक्साझोल आर, सिप्रोफ्लॉक्सासिन आर, सेफिक्झीम आर, सेफ्ट्रायॅक्झोन आर. एकेका आरपुढे हलगी वाजवावी असं वाटेल. खाली नायट्रोफ्युरँटोइन एस दिसेल, १९५० च्या दशकातलं, स्वस्तातलं. त्याखाली फॉस्फोमायसिन एस. पण आता ती चालायची नाहीत. नायट्रोफ्युरँटोइन लघवीत उतरतं, मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोहोचत नाही. फॉस्फोमायसिनच्या पुडीचंही तसंच. ती वेळ खणातल्या गोळ्यांच्या आधीची होती. उरलं मेरोपेनेम, त्या राखीव कार्बापेनेमांपैकीच, एक ग्रॅम, शिरेतून, दर आठ तासांनी.

सलाइनच्या स्टँडखाली पडल्या पडल्या शेजारच्या कॉटकडे बघा. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेले आजोबा आहेत, तुमच्यासारखी त्यांनाही लघवीची नळी आहे. वॉर्डातले मामा आधी तुमची पिशवी रिकामी करतात, मग त्यांची. पिशव्या दोन आहेत, हातमोज्यांची जोडी एकच.