चुन्याच्या पाण्यात रंग फुटलाच नाही

परवा पार्सल आलं. व्हायोलिनच्या बोसाठी, म्हणजे तारांवर फिरवायच्या गजासाठी, चार कच्च्या काठ्या. पावतीवर ठळक अक्षरांत 'पर्नांबुको', म्हणजे ब्राझीलवूड या झाडाचं लाकूड. पैसे आधीच भरलेले, कारण या लाकडाला आता उधारी राहिलेलीच नाही. मी रंधा मारून एक पातळ साल काढली, वाटीभर पाण्यात चिमूटभर खायचा चुना कालवला आणि साल त्यात सोडली. खरं पर्नांबुको असेल तर पाण्यात लालजांभळा रंग उतरायला लागतो. या झाडाच्या गाभ्यातच तो रंग असतो. अर्धा तास वाटीकडे बघत बसलो. पाणी गढूळ तपकिरी. दुसरी काठी, तिसरी, चौथी, सगळ्यांचं तेच!

व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "ब्राझीलवूडच आहे हो, तिकडूनच येतं." अरे, ब्राझीलहून येणारं प्रत्येक लाकूड ब्राझीलवूड होतं काय? त्या नावाखाली मासारांडुबा खपवतात, ते निराळ्याच कुळातलं झाड. शिकाऊ पोरांच्या बोसाठी ते चालतं, माझी तक्रार नाही. पण मग त्याचं नाव सांगा आणि त्याचाच भाव लावा. पर्नांबुकोचे पैसे घेऊन हे गळ्यात मारायचं म्हणजे दिवसाढवळ्या दरोडा आहे.

लोक विचारतात, एवढं काय आहे त्या लाकडात? एकदा हातात घेऊन बघा. पॅरिसच्या फ्रान्स्वा तुर्तनं अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हायोलिनच्या बोसाठी आजचा आकार ठरवला, तो याच लाकडात. काठी कोरड्या आचेवर फिरवत तापवायची, हळूहळू आत बाक द्यायचा आणि गार होऊ द्यायची. तो बाक मग पिढ्यानपिढ्या टिकतो. घोड्याचे केस, आबनुसाचा ठोकळा, स्क्रू, सगळं धरून बो भरतो 60 ग्रॅमच्या आसपास, आणि त्याच्यावर वादक दोन-दोन तास मैफल ओढतो. मी धामणीच्या काठ्या करून पाहिल्या. लवचीक होत्या, पण आषाढ लागला आणि माझ्या दोन्ही काठ्यांचा बाक सुटला. शिसवाची केली ती हाताला जड झाली. "कार्बन फायबरचा घ्या" असा सल्ला रोज कुणीतरी देतं. घ्या की, विद्यार्थ्यांनी जरूर घ्यावा. पण माझ्या हाताला लाकूड कळतं, मी काय करू?

आणि झाड वाचवायला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. ते ब्राझीलचं राष्ट्रीय वृक्ष आहे. आपल्या दारातल्या शंकासुराच्या नात्यातलं. आपल्याकडच्या पतंग नावाच्या झाडाच्या लाकडातूनही असाच लाल रंग निघतो. तो युरोपात 'ब्राझील' या नावानं विकला जायचा. पोर्तुगीजांना तिकडे तसलंच झाड सापडलं, ते नाव झाडाला चिकटलं आणि झाडावरून अख्ख्या देशाला. मग रंगासाठी जहाजंच्या जहाजं भरून लाकूड नेलं. पुढे ऊस, कॉफी आणि शहरांसाठी किनाऱ्याचं जंगल साफ केलं. 2007 साली झाड साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आलं, 2022 ला त्याच कराराच्या पनामाच्या परिषदेत नियम आणखी आवळले. आवळायलाच हवे होते. पण जंगल संपवलं कुणी आणि भोगतोय कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी! मला वर्षाला लागतात मोजून दहा-बारा काठ्या.

खरा संताप येतो तो साठा दाबून बसलेल्यांचा. परिषदेची बातमी आली की यांचा भाव चढतो, परिषद संपली तरी उतरत नाही. सहा-सात वर्षांपूर्वी ज्या पैशात मला चार काठ्या यायच्या, त्यात आता एक येते. त्यातही रेषा तिरकी गेलेली निघाली किंवा मध्येच गाठ लागली की ती बाद. बाद काठीचे पैसे कोण देणार? मीच.

आम्ही मिरजेचे. इथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, छाती भरून आली. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, शेतकरी ओळखीचा असतो, भाव पटला नाही तर समोर बसून भांडता येतं. या लाकडाचा मालक कोण, ते कुठून निघालं, कुणाकुणाच्या हातून फिरलं, काही म्हणता काही कळत नाही. भांडायचं कुणाशी?

गेल्या आठवड्यात सांगलीहून एक मुलगी वडिलांना घेऊन आली. विशारदला बसलीय. बो पडला आणि टोकाजवळ मानेत तुटला, तिथेच तुटतो नेहमी. नव्याचा आकडा सांगितला तर वडील म्हणाले, "काका, काडीला एवढे? एवढ्यात पोरीला नवीन व्हायोलिन येईल की." खरंच येतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या माणसानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नुसता बसून राहिला. मुलगी माझ्याकडे बघत होती. मला लाज वाटली, आणि ज्याला वाटायला हवी तो व्यापारी तिकडे फोन उचलत नाही. पार्सल परत घेणार नाही म्हणतो.

वडिलांच्या वेळच्या एका मोडक्या बोचा वीतभर तुकडा मी वीस वर्षं डब्यात जपून ठेवला होता. काल त्यातून पट्टी काढली, त्या मुलीच्या बोच्या मानेत खाच पाडून बसवली आणि सरस लावून दोऱ्यानं आवळून ठेवली. पट्टी घासताना बोटं लाल झाली. डबा आता रिकामा आहे. उद्या दुसरं कुणी तुटका बो घेऊन आलं तर त्याला मी काय सांगू?